प्रेषितांची कृत्ये अध्याय ४ ते सिप्रियन : छळाच्या काळातलं धैर्य आलं कुठून?

जुनी_पाने

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय ४ वर प्रवचन असलं की सगळा भर येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणावर असतो आणि त्यानंतरची प्रार्थना भरभर वाचून संपवली जाते. माझ्या मते गाभा त्या प्रार्थनेत आहे, म्हणून हा धागा.

आधी घटनाक्रम. देवळाच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजाशी बसणारा जन्माचा पांगळा माणूस, वय चाळिशीच्या पुढे, तो पेत्राच्या शब्दावर, येशूच्या नावाने उठून चालू लागतो. गर्दी जमते. याजक, देवळाचा सरदार आणि सदूकी पंथाचे लोक येऊन पेत्र व योहान यांना धरतात. संध्याकाळ झालेली असल्याने रात्र कोठडीत जाते. सकाळी न्यायसभा बसते. महायाजक घराण्यातले हन्ना आणि कयफा हजर आहेत. तिथे विचारलेला प्रश्न नीट बघा: हे तुम्ही कोणत्या सामर्थ्याने, कोणत्या नावाने केलंत? पांगळा बरा झाला की नाही, हा वादाचा मुद्दाच नाही. तो माणूस तिथेच त्यांच्याशेजारी उभा आहे. शिक्षा करावी असं काही हाती लागत नाही, म्हणून सभा दोघांना धमकावून सोडून देते.

सुटल्यावर दोघं थेट आपल्या लोकांकडे जातात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात (४:२४-३०). सुरुवातीला दुसऱ्या स्तोत्राचा आधार घेतात, मग येशूविरुद्ध उभे राहिलेले हेरोद आणि पिलात यांची नावं घेतात आणि मग मागणं. धमक्या बंद कर, आम्हाला सुरक्षित ठेव, असं एक अक्षर त्यात नाही. त्यांच्या धमक्यांकडे बघ, आणि तुझं वचन आम्ही धैर्याने बोलावं असं कर, तू बरं करायला हात पुढे करत असताना, एवढंच. थोड्याच वेळापूर्वी भर सभेत ज्याचं धैर्य बघून सगळे चकित झाले तोच पेत्र आता पुन्हा धैर्य मागणाऱ्यांत बसला आहे. मघाचं पुढे पुरत नाही हे त्याला ठाऊक आहे. त्यानंतर ती जागा हादरली आणि सगळे पवित्र आत्म्याने भरले, असं या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. 'सगळे' यात पेत्र आणि योहानही आले.

पुढच्या अडीचशे-तीनशे वर्षांतल्या कागदपत्रांत हीच समजूत टिकलेली दिसते का? कोर्टात नक्की काय विचारायचे, तुरुंगात काय व्हायचं, आणि ज्यांचा धीर सुटला त्यांचं काय झालं? जाणकारांनी लिहावं.

रोमनामा

कोर्टापासून सुरू करतो. ती पद्धत समजली नाही तर धैर्य कुठल्या क्षणी लागायचं तेच कळत नाही.

प्रांताधिकाऱ्यासमोरचा खटला आजच्यासारखा नव्हता. दोन्ही बाजूंचे वकील, साक्षीदारांची रांग असलं काही लागत नसे. अधिकारी स्वतः प्रश्न विचारी, स्वतः ठरवी. सर्वांत स्पष्ट नोंद प्लिनीची. तो बिथुनिया-पंत प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग) अधिकारी होता, आणि इ.स. ११२ च्या सुमारास त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिलं. पद्धत त्याने स्वतःच सांगितली आहे. 'तू ख्रिस्ती आहेस का?' हा प्रश्न तो तीनदा विचारी. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी शिक्षेची धमकी देऊन. तिन्ही वेळा 'हो' म्हणणाऱ्याला देहदंड. आरोपी रोमन नागरिक असेल तर त्याला रोमला पाठवायचं. नाकारणाऱ्याची परीक्षा वेगळी: प्लिनीच्या मागोमाग देवांची प्रार्थना म्हणायची, सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करायचा आणि ख्रिस्ताला शाप द्यायचा. खरे ख्रिस्ती यातलं काहीच करत नाहीत, असं त्याला सांगण्यात आलं होतं. म्हणून ही कसोटी.

या खटल्याचं वेगळेपण असं की चोराने किंवा खुन्याने 'आता सोडलं' म्हटल्याने तो सुटत नाही, पण ख्रिस्ती माणूस एका शब्दात सुटू शकत होता. दार शेवटपर्यंत उघडं असायचं आणि ते अधिकारीच उघडं ठेवायचा. ताण तिथे होता. वेदना सोसण्याची वेळ बऱ्याचदा नंतर यायची. आधी सहानुभूतीने पुढे केलेली सुटका तीन-तीनदा नाकारावी लागायची.

ट्रेजनचं उत्तर चार ओळींचं आहे, पण पुढची शंभरहून अधिक वर्षं त्यावर निघाली. यांना शोधत फिरू नका. कोणी समोर आणून आरोप सिद्ध केला तर शिक्षा करा. आमच्या देवांची पूजा करून नाकारलं तर माफ करा. निनावी यादी घेऊ नका. निनावी यादीचा उल्लेख येण्याचं कारण म्हणजे प्लिनीकडे तशी एक आली होती, बऱ्याच नावांची.

जाता जाता: त्याच पत्रात त्याने दोन दासींचा छळ करून माहिती काढल्याचं लिहिलं आहे. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) त्यांना सेविका म्हणत. त्यांच्याकडून त्याला आपल्या मते 'अंधश्रद्धे'पलीकडे काही मिळालं नाही. त्या दोघींची नावं आपल्याकडे नाहीत. पेत्रासारखं भाषण करायची संधी त्यांना कोणी दिली नाही, पण अधिकाऱ्याच्याच कागदावर त्यांची साक्ष राहिली.

अरुणोदय

रोमनामा, उत्तम प्रतिसाद. पुढे जाण्याआधी दोन खबरदाऱ्या नोंदवतो.

पहिली. 'तीनशे वर्षं अखंड छळ' हे चित्र चुकीचं आहे. इ.स. २५० पर्यंत साम्राज्यभर लागू असा हुकूम निघालेला नव्हता. ६४ साली रोमला आग लागल्यावर नीरोने केलेली कत्तल रोम शहरापुरती होती. पुढे जे घडलं ते गावोगावी, तुटक: कुठे शेजाऱ्याची तक्रार, कुठे जमावाचा उद्रेक, कुठे अधिकाऱ्याचा स्वभाव. अनेक ख्रिस्ती पिढ्या कोर्टाचं तोंडही न बघता गेल्या. अडचण अशी की वेळ कधी येईल ते कुणालाच माहीत नसे.

दुसरी खबरदारी साधनांबद्दल. हुतात्म्यांच्या कथा म्हणून जे मिळतं ते सगळं एका दर्जाचं नाही. मध्ययुगात रचलेल्या कथांत हुतात्मा पाच वेळा मारला जातो, पाच वेळा जिवंत होतो आणि राजाला तीन पानी प्रवचन देतो. त्या बाजूला ठेवा. भरवशाची साधनं थोडी आहेत, पण भक्कम आहेत. कोर्टाच्या नोंदीवर बेतलेलं एक म्हणजे स्किली गावच्या बारा जणांचं: सात पुरुष, पाच स्त्रिया, कार्थेज (उत्तर आफ्रिका, आजचं ट्युनिशिया), १७ जुलै १८०. लॅटिन भाषेतलं तारखेसह मिळणारं हे सर्वांत जुनं ख्रिस्ती लिखाण. जेमतेम पान-दीड पान.

ते वाचलं की धैर्य किती थोडक्या शब्दांत बसतं ते दिसतं. प्रांताधिकारी सातुर्निनुस म्हणतो, शुद्धीवर या, सम्राटाची क्षमा मिळेल. स्पेरातुस उत्तर देतो: आम्ही कधी वाईट केलं नाही, मी चोरी केलेली नाही, काही विकत घेतलं तर त्यावरचा करही भरतो. दोनाता म्हणते: कैसराला कैसर म्हणून मान, पण भीती देवाची. वेस्तिया: मी ख्रिस्ती आहे. सेकुंदा: मी जी आहे तीच मला राहायचं आहे. मग अधिकारी विचार करायला तीस दिवसांची मुदत देऊ करतो. स्पेरातुस म्हणतो, इतक्या सरळ गोष्टीत विचार करण्यासारखं काही नाही. मध्येच अधिकारी विचारतो, त्या पेटीत काय आहे? 'पुस्तकं, आणि पौल नावाच्या नीतिमान माणसाची पत्रं.' निकाल पाटीवरून वाचला जातो: रोमन रीतीकडे परतण्याची संधी देऊनही हट्ट सोडला नाही, सबब तलवारीने मृत्यू. त्यावर ते देवाचे आभार मानतात.

जमीन हादरली नाही, कुणाला दर्शन झालं नाही. मला तो मजकूर याच साधेपणामुळे खरा वाटतो.

शेवंती

तुरुंगाबद्दल मी लिहिते. त्यासाठी पर्पेतुआच्या रोजनिशीइतकं जवळचं साधन दुसरं नाही. कार्थेज, इ.स. २०३. वय बावीसच्या आसपास, घर चांगलं, अंगावर पिणारं मूल. बरोबर फेलिसितास आणि रेवोकातुस हे दास, सातुर्निनुस आणि सेकुंदुलुस. (हा सातुर्निनुस आरोपी आहे, अरुणोदय यांनी सांगितलेला प्रांताधिकारी वेगळा.) त्यांना शिकवणारा सातुरुस नंतर स्वतःहून येऊन मिळाला. पकडले गेले तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता; तो पहाऱ्यात असताना झाला. तिथे पर्पेतुआने लिहिलेलं वाक्य जुनी_पाने यांच्या मुद्द्याशी थेट जुळतं: पाण्यातून बाहेर येताना आत्म्याने मला सांगितलं, दुसरं काही मागू नकोस, फक्त देहाला सोसण्याचं बळ माग.

त्यानंतर तुरुंग. ती भीती लपवत नाही. असा अंधार कधी पाहिला नव्हता, गर्दीचा उकाडा, शिपायांची दमदाटी, आणि बाळाची काळजी. मग तेर्तियुस आणि पोंपोनियुस हे दोन डीकन (मंडळीचे सेवक) पहारेकऱ्यांना पैसे देऊन कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात न्यायची सोय करतात. तिथे ती उपाशी बाळाला पाजते. पुढे बाळ तिच्याजवळ ठेवायची परवानगी मिळते, आणि तुरुंग मला महाल झाला, असं ती लिहिते. या क्रमाकडे लक्ष द्या. आत्म्याने दिलेलं बळ आणि डीकनांनी चारलेली लाच एकाच परिच्छेदात, एकमेकांना न खोडता येतात. रोमन तुरुंगात कैद्याच्या पोटापाण्याची जबाबदारी मुख्यतः बाहेरच्यांवर पडे. मागे माणसं नसतील तर कैदी खटल्याआधीच संपायचा. सेकुंदुलुस तुरुंगातच वारला.

फेलिसितास आठ महिन्यांची गरोदर होती. गरोदर बाईला मृत्युदंड देण्याची कायद्याने मनाई होती, म्हणून आपल्याला मागे ठेवून बाकीचे जातील आणि नंतर परक्या गुन्हेगारांबरोबर मरावं लागेल याचं तिला दुःख होतं. सगळ्यांनी प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्यातलं अवघड बाळंतपण, ती ओरडत होती. तेव्हा एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच एवढी कण्हतेस, श्वापदांपुढे टाकल्यावर काय करशील? तिचं उत्तर: आत्ता जे सोसते आहे ते मी सोसते आहे, तिथे माझ्या आत दुसरा कोणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मी त्याच्यासाठी सोसणार आहे.

धाग्याच्या शीर्षकातल्या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला माहीत नाही. ती स्वतःला शूर म्हणत नाही. आपल्या बळाने बाळंतपण कसं होतं ते तिने आत्ताच भोगलं आहे. मुलगी झाली, ती मंडळीतल्या एका बहिणीने वाढवली.

आणि 'देवाने दिलेलं धैर्य' म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं कुणी समजू नये. कैद्यांना हालात ठेवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याला पर्पेतुआने तोंडावर सुनावलं: आम्ही कैसराचे नामांकित कैदी, त्याच्या सणाच्या खेळांत उतरणार; आम्ही धडधाकट दिसलो तर त्यात तुमचीच शोभा आहे ना? तो ओशाळला आणि सोयी वाढल्या. खेळांच्या मैदानाच्या दारात स्त्रियांना सेरेस देवीच्या पुजारिणींचे कपडे चढवायचा प्रयत्न झाला, तेव्हाही ती अडून बसली. आम्ही इथवर स्वखुशीने आलो ते हे करावं लागू नये म्हणूनच, तोच करार होता. अधिकाऱ्याने ऐकलं. जीव वाचवण्यासाठी ती काही मागत नव्हती, पण जिथे न्याय मागता येत होता तिथे तिने तो मागितला.

जुनी_पाने

शेवंतीताई, फेलिसितासचं ते वाक्य इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. त्यामागे मत्तय १०:१९-२० स्पष्ट दिसतं: धरून देतील तेव्हा काय बोलावं याची काळजी करू नका, बोलणारे तुम्ही नाही, तुमच्या पित्याचा आत्मा आहे. तिने बोलण्याचं ते वचन सोसण्याला लावलं.

एक गोष्ट जोडतो. दैवी सामर्थ्य म्हणजे सुटका, हे समीकरण 'कृत्ये' स्वतःच मोडतं. अध्याय १२ वाचा. राजा हेरोद अग्रिप्पा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारतो. एका ओळीत. मग तो पेत्राला धरतो, चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर लावतो. पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांनी बांधलेला झोपला आहे. मंडळी कळकळीने प्रार्थना करते आणि देवदूत त्याला बाहेर काढतो. तीच मंडळी, तोच राजा, एक मेला आणि एक सुटला. याकोबासाठी प्रार्थना कमी पडली असं लूक सुचवतही नाही. प्रवचनात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या नाहीत, तर ऐकणाऱ्याच्या मनात चुकीचा हिशेब पक्का होतो: विश्वास भक्कम असेल तर दार उघडतंच. मग ज्याच्यासाठी ते उघडत नाही तो स्वतःलाच दोष देत बसतो.

खडीसाखर

सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका. सातुरुस 'स्वतःहून येऊन मिळाला' असं वर आलंय. मंडळी अशा लोकांना पाठिंबा देत होती का? धैर्य दाखवायला आपण होऊन पुढे जाणं चालायचं?

रोमनामा

चांगला प्रश्न. मुख्य प्रवाहातली मंडळी साधारणपणे 'नाही' म्हणत होती, आणि त्यामागे अनुभव होता.

बिशप पॉलिकार्पच्या मृत्यूची हकिकत (स्मुर्णा, आजचं इझमिर, १५५-१५६ च्या आसपास) ही स्मुर्णाच्या मंडळीने दुसऱ्या मंडळीला लिहिलेलं पत्र आहे. त्यात पॉलिकार्पच्या आधी क्विंतुस नावाचा माणूस येतो. फ्रिगियाहून नुकताच आलेला. तो स्वतः पुढे झाला आणि आणखी काहींनाही त्याने पुढे व्हायला लावलं. श्वापदं दिसल्यावर त्याचा धीर सुटला. प्रांताधिकाऱ्याने बरंच समजावल्यावर त्याने शपथ घेतली आणि अर्पण केलं. त्यावर मंडळीचा शेरा आहे: जे स्वतःहून स्वाधीन होतात त्यांची आम्ही स्तुती करत नाही, शुभवर्तमान तसं शिकवत नाही.

लगेच पुढे पॉलिकार्पचं वागणं येतं, आणि ते मुद्दाम शेजारी ठेवलेलं आहे. तो शहरातच राहणार होता, पण लोकांच्या आग्रहावरून शेतावरच्या घरी गेला, तिथून दुसऱ्या घरी. पकडायला माणसं आली तेव्हा मात्र पळाला नाही. त्यांना खायला-प्यायला द्यायला सांगितलं आणि प्रार्थनेसाठी तासभर मागितला. दोन तास उभ्याने प्रार्थना केली. क्रीडांगणात अधिकारी म्हणाला, कैसराच्या दैवाची शपथ घे, 'नास्तिकांचा नाश होवो' म्हण. (ख्रिस्ती लोक देवांना मानत नाहीत म्हणून नास्तिक तेच.) पॉलिकार्पने जमावाकडे हात केला, वर पाहिलं आणि म्हणाला, नास्तिकांचा नाश होवो. मग ते प्रसिद्ध वाक्य: शहाऐंशी वर्षं मी त्याची सेवा केली, त्याने माझं कधी वाईट केलं नाही, माझ्या राजाची, माझ्या तारणाऱ्याची निंदा कशी करू?

म्हणजे नियम असा बनला: शोधत जाऊ नका, टाळता येत असेल तर टाळा, पण प्रश्न समोर आला की खोटं बोलू नका. पौल दिमिष्कातून (दमास्कसमधून) टोपलीत बसून भिंतीवरून उतरला तेव्हा तो भ्याला असं कुणी म्हटलं नाही, आणि एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा हे तर खुद्द येशूचं सांगणं. सातुरुसचं कारण वेगळं दिसतं. शिष्य तुरुंगात आणि शिकवणारा बाहेर, हे त्याला पटलं नसावं. त्याला क्विंतुसच्या रांगेत बसवता येणार नाही.

अरुणोदय

सहमत. क्विंतुसच्या बाबतीत काय चुकलं तेही त्या पत्राच्या रचनेत दिसतं. त्याने धैर्य स्वतःचं भांडवल समजून खर्चायला काढलं. पॉलिकार्पने आधी दोन तास मागून घेतले.

आता खडतर भाग. धीर सुटलेल्यांची संख्या कमी नव्हती. लुग्दुनुम (फ्रान्समधलं लिओं), इ.स. १७७: तिथल्या मंडळीचं पत्र चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने जपून ठेवलं. ते सरळ सांगतं की तयारी नसलेले, सराव नसलेले असे सुमारे दहा जण पहिल्याच फेरीत गळाले, आणि त्यामुळे अजून न पकडलेल्यांचाही उत्साह मावळला. तिथे नाकारूनही सुटका नव्हती. नरमांस खाण्याचे वगैरे आरोप लागले होते, त्यामुळे नाकारलेल्यांनाही खुनी म्हणून कोठडीतच ठेवलं. पत्र लिहिणाऱ्याने दोन्ही गटांचे चेहरे टिपले आहेत: कबुली दिलेले हसतमुख, नाकारलेले मान खाली घातलेले. बिब्लिस नावाच्या स्त्रीने आधी नाकारलं. इतर ख्रिस्ती लोकांविरुद्ध तिच्याकडून वदवून घ्यायला तिचा छळ केला, तेव्हा ती जणू झोपेतून जागी झाली आणि म्हणाली, जनावराचं रक्तही ज्यांना वर्ज्य, ते मुलं कशी खातील? मग तिने स्वतःला ख्रिस्ती म्हटलं आणि हुतात्म्यांत गणली गेली. नाकारलेल्यांपैकी बहुतेक पुढच्या चौकशीत परत फिरले. कबुली दिलेल्यांनी कोठडीत त्यांना हिणवलं नाही, त्यांच्यासाठी रडून प्रार्थना केली, असं पत्रात आहे.

दासी ब्लांदिनाबद्दल तर तिची मालकीणच धास्तावली होती: ही नाजूक, हिला कबुली देणं झेपणार नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत छळ करणारे आळीपाळीने थकले. 'मी ख्रिस्ती आहे, आमच्यात काही वाईट चालत नाही' हे वाक्य हाच तिचा विसावा होता, असं लिहिलं आहे.

रोमनामा

सम्राट डेसियसशिवाय हा विषय अपुरा राहील. इ.स. २५० चा त्याचा हुकूम सगळ्यांना होता: प्रत्येकाने देवांना अर्पण करायचं, द्राक्षारस ओतायचा, नैवेद्याचं मांस चाखायचं आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक पपायरस दाखले सापडले आहेत. एकाचा मजकूर सांगतो. अर्ज गावच्या अर्पण-समितीला उद्देशून. अर्जदार औरेलियुस दिओगेनेस, सताबूसचा मुलगा, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. 'मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो आहे. आताही हुकुमाप्रमाणे तुमच्या समक्ष अर्पण केलं, ओतलं, नैवेद्य चाखला. खाली सही करावी ही विनंती.' पुढे साक्षांकन आणि तारीख, २६ जून २५०.

व्रणाची नोंद वाचताना या यंत्रणेचं वजन कळतं. प्लिनीच्या वेळी तक्रार झाली तरच प्रश्न यायचा. आता प्रश्न घरोघरी आला, नाव, वय आणि ओळखखूण घेऊन. मंडळीची तयारी नव्हती. कार्थेजमध्ये लोक हुकमाची मुदत संपायच्या आत स्वतः होऊन देवळाकडे धावले. संध्याकाळ झाली म्हणून परत पाठवलं तर आजच उरकून घ्या अशी गळ घालत होते. हे त्यांचा बिशप सिप्रियन स्वतः लिहितो. कारणही तो सांगतो: लांबलेली शांतता, मालमत्तेचा मोह. काहींनी अर्पण केलं, काहींनी फक्त धूप टाकला, काहींनी अर्पण न करता पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. या तिसऱ्यांना वाटत होतं आपण सुटलो. मंडळीने त्यांनाही पतितांतच धरलं, पण अर्पण करणाऱ्यांपेक्षा सौम्यपणे.

शेवंती

सिप्रियनच्या त्या काळातल्या पत्रांत फार उपयोगी बारकावे आहेत. तो स्वतः लपून होता, त्यावरून टीकाही झाली, पण कारभार पत्रांनी चालू ठेवला. कैद्यांना भेटायला गर्दीने जाऊ नका, एकदम सगळं हवं म्हणाल तर काहीच मिळणार नाही. तुरुंगात प्रभुभोजन अर्पण करायला जाणाऱ्या वडिलांनी (मंडळीच्या याजकांनी) एकेका डीकनला घेऊन आळीपाळीने जावं. माणसं बदलती राहिली की संशय कमी येतो. तुरुंगात मेलेल्यांचा दिवस लिहून ठेवा, म्हणजे त्यांचं स्मरण करता येईल. गरिबांकडे बघा, विशेषतः विश्वासात टिकलेल्यांकडे, म्हणजे दारिद्र्यामुळे ते खचणार नाहीत.

पोथ्यांची झडती घ्यायला आलेल्यांना काय मिळायचं तेही एका सरकारी पंचनाम्यात राहिलं आहे. किर्ता (अल्जेरियातलं कॉन्स्टंटाइन), १९ मे ३०३, सम्राट डायोक्लेशियनचा छळ. अधिकारी मुनातियुस फेलिक्स प्रार्थनेच्या घरातून नोंदी करतो: सोन्याचे प्याले २, चांदीचे ६, चांदीच्या झाऱ्या ६, चांदीचे दिवे ७, बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांच्या पादत्राणांचे जोड १३, बायकांचे ४७. हे कपडे कुणासाठी ठेवले होते ते पंचनाम्यात नाही, पण गरिबांना वाटण्यासाठी होते असा अंदाज बहुतेक अभ्यासक करतात, आणि मलाही दुसरं कारण सुचत नाही.

शास्त्राच्या पोथ्या मात्र वाचकांच्या (उपासनेत शास्त्र वाचणाऱ्यांच्या) घरी होत्या. वाचक कोण, असं विचारल्यावर दोन उपडीकन म्हणाले, आम्ही फितूर नाही. हे बघा आम्ही इथे आहोत, मारायचा हुकूम द्या. त्यांना अटक झाली. पण दुसऱ्यांनी घरं दाखवली आणि घरोघरी पोथ्या गोळा झाल्या. बिशप पौल तिथे बसून होता. एकाच दिवशी, एकाच मंडळीत दोन्ही.

खडीसाखर

म्हणजे बिशप बसून राहिला आणि उपडीकन उभे राहिले. पदावर काहीच अवलंबून नव्हतं. आता शेवटची शंका: डेसियसच्या वेळी पडलेल्यांना परत घेतलं का? आणि हुतात्म्यांच्या चिठ्ठ्यांचा काहीतरी वाद होता ना?

जुनी_पाने

होता. तुरुंगात कबुली दिलेल्यांना मंडळीत फार मान. पडलेले लोक त्यांच्याकडे जाऊन 'याला क्षमा व्हावी' अशी चिठ्ठी मिळवू लागले. सुरुवातीला ठीक होतं. पुढे 'अमुक आणि त्याच्या माणसांना' अशा मोघम चिठ्ठ्या निघू लागल्या. एका चिठ्ठीवर वीस-तीस जण हक्क सांगू शकत. सिप्रियनने लिहिलं की ज्याला तुम्ही स्वतः ओळखता, ज्याचा पश्चात्ताप पुरा होत आलाय असं तुम्हाला दिसतं, त्याचं नाव स्पष्ट लिहा. छळात टिकलेल्यांपैकी काहींचं नंतरचं वागणंही त्याला खटकलं आणि त्याने ते बोलून दाखवलं. एकदा मिळालेलं धैर्य जन्मभराचं प्रमाणपत्र होत नाही, याची ही बाजू.

२५१ साली कार्थेजला जमलेल्या बिशपांनी ठरवलं: नुसता दाखला घेतलेल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावं, प्रत्यक्ष अर्पण केलेल्यांनी पश्चात्ताप चालू ठेवावा, मरणाच्या दारात त्यांना सहभागिता (प्रभुभोजनात वाटा) द्यावी. रोममध्ये नोवाशियन नावाचा याजक म्हणाला, कधीच नाही, आणि वेगळा झाला.

नंतर, २५२-२५३ च्या सुमारास, नव्या छळाची चिन्हं दिसू लागली तेव्हा कार्थेजला बेचाळीस बिशपांनी मिळून रोमचा बिशप कर्नेलियुस याला पत्र पाठवलं. पश्चात्तापात टिकून राहिलेल्या सगळ्यांना, अर्पण केलेल्यांनाही, आता लगेच सहभागिता द्यायची. कारण असं दिलंय: ज्यांना आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना लढाईला निघताना ख्रिस्ताचं रक्त नाकारायचं? आधी त्यांना प्रभूच्या प्याल्याशी घेतलं नाही, तर हौतात्म्याच्या प्याल्यासाठी ते तयार कसे होणार? तिथे मत्तय १० चं तेच वचनही आलं आहे, तुमच्यात बोलणारा पित्याचा आत्मा आहे, आणि त्याला जोडून: ज्याला शांती (मंडळीशी समेट) मिळालेली नाही, त्याच्यात आत्मा कबुली कशी देईल?

अरुणोदय

त्या पत्रातला तर्क उलटा लावून बघण्यासारखा आहे. नोवाशियनच्या मते आधी टिकून दाखवा, मग मंडळीत बसा. या बेचाळीस जणांच्या मते मंडळीत बसल्याशिवाय टिकणारच नाही. कृत्ये ४:२३ मध्ये पेत्र आणि योहान सुटल्यावर पहिल्यांदा कुठे गेले ते जुनी_पाने यांनी पहिल्याच प्रतिसादात लिहिलं आहे. सिप्रियन स्वतः १४ सप्टेंबर २५८ ला तलवारीने मारला गेला. निकाल ऐकून तोही स्किलीच्या बारा जणांसारखाच 'देवाचे आभार' म्हणाला, आणि मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितलं. अटकेच्या आधी लिहिलेल्या शेवटच्या पत्रात मात्र त्याने आपल्या लोकांना बजावलं आहे की कुणीही आपणहून स्वाधीन होऊ नका, गडबड माजवू नका. धरलं तर बोला.